ट्रेड अपची किंमत शेवटी तो पोरगाच भरतो

एप्रिल लागला की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काय द्यायचं ते द्या पण वर जा आणि पाहिजे तो पोरगा उचला, दुसरी म्हणते बसा गप्प जागेवर, आपला नंबर आला की जो मिळेल तो घ्या, पुढच्या वर्षीचे पिक, म्हणजे खेळाडू निवडायचे नंबर, विकायचे नाहीत. मी दुसऱ्या पार्टीत आहे. हे सगळं एनएफएलच्या ड्राफ्टबद्दल चाललंय, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ते हेल्मेटवालं. इंदूरला राजेंद्र नगरात बसून नॉर्थ कॅरोलिनाच्या टीमवर एवढा जीव टाकणारी माणसं आहेत म्हटल्यावर लोक चमकतात, पण झालं असं की माझा मामेभाऊ, आमचा दादा, तिकडे शार्लटला राहतो, त्याने आम्हाला तिथल्या टीमचं, पँथर्सचं वेड लावलं, माझी शिफ्ट अमेरिकन क्लायंटची त्यामुळे जागरण तसंही असतंच, आणि रविवारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. बाबा बँकेतून रिटायर झाल्यावर झोप येत नाही म्हणून नुसते शेजारी येऊन बसायचे, आता थर्ड डाउनला, म्हणजे पुढे सरकायच्या तिसऱ्या प्रयत्नाला, काय खेळायला पाहिजे ते माझ्या आधी सांगतात. भाचा इंजिनिअरिंगला आहे, आकड्यांचं खातं त्याच्याकडे.

ड्राफ्टचा पहिला राउंड तिकडे गुरुवारी रात्री आठला असतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. आई पोहे टाकते, शेव आणि जिरावण टेबलावर येतं, दादा व्हिडिओ कॉलवर, आणि पहिला पिक व्हायच्या आधीच भांडण चालू.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलसारखी बोली इथे नसते. कॉलेजातून येणारे खेळाडू, ३२ टीम, ७ राउंड, आणि मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला, जी सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकली तिचा शेवटचा. पैसा जास्त आहे म्हणून चांगला पोरगा तुमचा, असं इथे होत नाही. पगारसुद्धा पिकच्या नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला. २०११ च्या आधी असं नव्हतं, २०१० ला सॅम ब्रॅडफर्ड पहिला गेला तेव्हा त्याचा करार ७८ मिलियन डॉलरचा होता, त्यातले ५० मिलियन गॅरंटीड, एकही मॅच न खेळता. २०११ ला नवीन नियम आले आणि २०२३ चा पहिला पिक ब्राइस यंग चार वर्षांना साधारण ३८ मिलियनला आला. म्हणूनच सगळ्यांना तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि खेळ चालवणारा, हवा असतो, कारण तो चांगला निघाला तर चार-पाच वर्षं तुम्ही त्याला स्वस्तात खेळवता आणि वाचलेल्या पैशात बाकीची टीम उभी करता.

आता समजा तुमचा नंबर नववा आहे आणि तुम्हाला हवा असलेला पोरगा तिथपर्यंत उरणार नाही, तर पहिल्या नंबरवाल्याला फोन लावायचा, माझा नववा घे, शिवाय हे हे घे आणि तुझा पहिला दे. झाला ट्रेड अप. भांडण असतं ते "हे हे" मध्ये काय काय घालायचं यावर.

त्याचा भाव ठरवायला एक तक्ता आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे कोच जिमी जॉन्सन होते, त्यांच्यासाठी टीमच्या मालकांपैकीच माइक मॅकॉय नावाच्या माणसाने तो बनवला, आधी झालेले ट्रेड बघून प्रत्येक पिकला पॉइंट दिले. पहिला पिक ३०००, दुसरा २६००, तिसरा २२००, दहावा १३००, सोळावा १०००, सत्ताविसावा ६८०, बत्तिसावा ५९०. भाच्याला हा सगळा तक्ता तोंडपाठ आहे. आणि त्याला त्याच्यातली खोटही दिसते, की वरच्या पिकना भाव फार चढवून लावलाय. पहिला पिक बत्तिसाव्याच्या पाचपट, म्हणजे तो पोरगा खरंच पाचपट चांगला निघतो का? रिचर्ड थेलर, ज्यांना पुढे २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते आणि केड मॅसी या दोघांनी ह्याचा नीट अभ्यास केला. त्यांना दिसलं की एकाच पोझिशनचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा चांगला निघायची शक्यता साधारण ५२ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम वर. पगार धरून हिशोब केला तर टीमला सगळ्यात फायदा पहिल्या राउंडच्या अगदी वरच्या पिकमधून होत नाही, राउंडच्या शेवटी आणि दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला होतो.

अजून एक गोष्ट त्या अभ्यासात होती जी बाबांना सगळ्यात जास्त पटली. पुढच्या वर्षीचा पिक देताना टीम त्याची किंमत एक राउंड खाली धरतात, म्हणजे पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड हा या वर्षीच्या सेकंड राउंडएवढा. त्या दोघांनी त्याचं व्याज काढलं तर वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर गेलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं एवढं व्याज तर सावकार पण लावत नाही." आयुष्यभर लोन डिपार्टमेंटला काढलेल्या माणसाला ते आकडे बघवत नव्हते.

दादा ह्या सगळ्याला काय म्हणतो ते पण सांगते, कारण त्याचं म्हणणं कच्चं नाहीये. तो म्हणतो तुझे ५२ टक्के बाकी पोझिशनसाठी ठेव, क्वार्टरबॅकला ते लावू नकोस. क्वार्टरबॅक नसेल तर बाकी सगळं फुकट. आणि त्याने ते शार्लटला राहून भोगलंय. २०११ ला पँथर्सनी पहिल्या नंबरला कॅम न्यूटन घेतला, २०१५ ला टीम १५-१ गेली, म्हणजे १५ जिंकल्या एक हरली, कॅम एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, सुपर बोल ५० पर्यंत पोचले आणि डेन्व्हरकडून २४-१० हरले. कॅम उतरणीला लागला, मग २०२० ला टेडी ब्रिजवॉटर, २०२१ ला सॅम डार्नोल्ड, २०२२ ला बेकर मेफिल्ड, दरवर्षी दुसऱ्या कुठल्यातरी टीमने सोडलेला माणूस आणायचा आणि दरवर्षी डिसेंबरपर्यंत आशा संपलेली. दादा म्हणतो की तुला कळणार नाही थंडीत स्टेडियममध्ये बसून तो तिसऱ्या डाउनचा पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या मागे पडताना बघणं काय असतं. मला कळतं. मी पण तेच बघत होते, पहाटे अडीचला.

पण त्याच डार्नोल्ड आणि मेफिल्डचं पुढे काय झालं बघा ना. मेफिल्ड टँपाला गेला आणि २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं टीमला डिव्हिजन, म्हणजे चार टीमचा गट, जिंकून दिली, आमच्याच डिव्हिजनमध्ये. डार्नोल्ड २०२४ ला मिनेसोटाला गेला आणि टीमने १४ मॅच जिंकल्या. तीच माणसं. त्यांना तिकडे रिसीव्हर मिळाले, कोच मिळाला, त्यांना वाचवायला समोर उभी राहणारी लाइन मिळाली. हे मी दादाला दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तो म्हणतो तो विषय वेगळा आहे. मला वाटतं विषय तोच आहे.

मार्च २०२३ मध्ये पँथर्सनी शिकागो बेअर्सकडून पहिला पिक घेतला. त्या दिवशी दादाचा फोन आला तेव्हा तो अक्षरशः ओरडत होता, आणि मी पण खूश व्हायला पाहिजे होतं पण मी पहिला प्रश्न विचारला की दिलं काय. तर दिला नववा पिक, ६१ वा पिक, २०२४ चा फर्स्ट राउंड, २०२५ चा सेकंड राउंड, आणि डीजे मूर. पिक गेले त्याचं एक वेळ ठीक, पण डीजे मूर हा आमचा सगळ्यात चांगला रिसीव्हर होता. म्हणजे तुम्ही एक २१ वर्षांचा क्वार्टरबॅक आणताय, अंगाने लहानखुरा, आणि ज्याच्याकडे तो बॉल फेकणार तोच माणूस त्याला आणायच्या बदल्यात देऊन टाकलात. आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला मदत आणायला जे पिक वापरता आले असते त्यातले सगळ्यात मोठे दोन पण देऊन टाकलेत. भाचा तक्ता घेऊन बसला, नववा १३५०, एकसष्टावा २९२, म्हणजे १६४२, वरचे १३५८ मूर आणि पुढचे दोन पिक मिळून, म्हणजे तक्त्याप्रमाणे तर ठीकच वाटतंय. ह्या तक्त्याचा हाच तर घोळ आहे की त्यात हे कुठे दिसतच नाही की दिलेल्या वस्तू त्या येणाऱ्या पोराच्याच गरजेच्या होत्या.

पुढे जे झालं ते आठवलं तरी त्रास होतो. टीम २-१५. ब्राइस यंगला त्या सीझनमध्ये ६२ वेळा सॅक केलं, बासष्ट, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच त्याला खाली पाडलं. कोच फ्रँक राइकला नोव्हेंबरमध्येच काढलं, पहिल्याच सीझनमध्ये, ११ मॅच झाल्या होत्या त्यातली एक जिंकलेली. तिकडे डीजे मूरने शिकागोसाठी १३६४ यार्ड काढले. आणि २-१५ मुळे आमचा २०२४ चा फर्स्ट राउंड पिक सगळ्या लीगमध्ये पहिला निघाला, जो आमचा नव्हताच, शिकागोचा होता, त्यांनी त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. दुसऱ्या सीझनला दोन मॅचनंतर ब्राइसला बेंचवर बसवलं आणि अँडी डाल्टन खेळायला लागला. इंटरनेटवर लोक त्या पोराला काय काय बोलत होते ते मी वाचायचं बंद केलं. त्याचा काय दोष त्यात? नंतर तो परत आला आणि त्या सीझनच्या शेवटच्या मॅचला अटलांटाला त्यांच्या घरी ४४-३८ हरवलं, ओव्हरटाइमला, त्याचे पाच टचडाउन, तीन पासचे दोन स्वतः पळून. त्या रात्री बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. पोरात दम होता, पहिल्या दिवसापासून होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेड अपची किंमत मालक भरत नाही, खेळाडू निवडणारा जीएम पण भरत नाही, त्याला फार तर दोन-तीन वर्षांनी काढतात आणि त्याला दुसरीकडे काम मिळतं. ती किंमत तो पोरगा भरतो ज्याच्यासाठी तुम्ही वर गेलात, कारण तो आल्यावर त्याला जे मिळायला पाहिजे होतं ते सगळं तुम्ही त्याला आणण्यातच खर्चून बसता.

आता दादाचं हुकमाचं पान. मॅहोम्स. प्रत्येक वर्षी येतं. २०१७ ला कॅन्सस सिटी चीफ्स २७ वरून १० वर गेली, बफेलोला दिला २७ वा, ९१ वा आणि २०१८ चा फर्स्ट राउंड, आणि घेतला क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्स, त्यातून तीन सुपर बोल जिंकले. ह्याच्यावर काय बोलणार? मी बोलते. ती टीम २०१६ ला १२-४ होती. कोच अँडी रीड होते, पास झेलायला ट्रॅव्हिस केल्सी होता, टायरिक हिल होता, आणि मॅहोम्सच्या पुढे जुना क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ उभा होता त्यामुळे त्या पोराला पहिल्या वर्षी घाई नव्हती, त्याने पूर्ण सीझनमध्ये एकच मॅच सुरू केली, शेवटची. त्यांनी दिलेला २०१८ चा पिक २२ वा निघाला कारण टीमने डिव्हिजन जिंकली होती. चीफ्सनी मॅहोम्सचं काही काढून मॅहोम्स आणला नाही. केल्सीला दिलं असतं का त्यांनी त्या ट्रेडमध्ये? स्वप्नात पण नाही.

आणि त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच रात्री, शिकागो तीनवरून दोनवर गेली, एक नंबर वर, त्यासाठी ६७ वा, १११ वा आणि पुढच्या वर्षीचा थर्ड राउंड दिला, आणि क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला घेतलं. मॅहोम्स तेव्हा बसलेला होता तिथेच, दहापर्यंत.

भाचा एकदा म्हणाला मावशी, तू सांगतेस ते मान्य, पण मग ह्यूस्टन? हा प्रश्न खरंच चांगला होता आणि मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. ह्यूस्टनची टीम २०२२ ला ३-१३-१ होती (शेवटचा आकडा बरोबरीचा), म्हणजे आमच्यापेक्षाही वाईट, आणि २०२३ च्या त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी दोन नंबरला सीजे स्ट्राउड घेतला आणि लगेच अॅरिझोनाबरोबर ट्रेड करून तिसरा पिक घेतला, बचावातल्या विल अँडरसन ज्युनिअरसाठी. त्यात १२ वा, ३३ वा, २०२४ चा फर्स्ट राउंड आणि थर्ड राउंड गेले, हातात आले तिसरा आणि १०५ वा. तक्त्याने बघितलं तर महागात पडला. आणि झालं काय, दोघांनाही आपापल्या बाजूचा, आक्रमणाचा आणि बचावाचा, रुकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, हा किताब मिळाला, टीम १०-७, प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडला ४५-१४ धुतलं, आणि दिलेला २०२४ चा फर्स्ट राउंड निघाला २७ वा.

इथे एक मिनिट थांबून हे दोन पिक शेजारी ठेवा. दोन टीम, एकाच वसंतात दोघांनी २०२४ चा फर्स्ट राउंड दिला, देताना दोन्हीकडे तो "पुढच्या वर्षीचा एक पिक" एवढंच लिहिलेलं. आमचा निघाला पहिला, तक्त्याप्रमाणे ३०००. त्यांचा निघाला सत्ताविसावा, ६८०. पुढच्या वर्षीच्या पिकला आज भाव नसतोच मुळी, तो भाव तुम्ही पुढच्या सीझनला खेळून ठरवता, आणि नवीन कोच, नवीन क्वार्टरबॅक, रिसीव्हर नाही अशी टीम काय खेळणार आहे हे मार्चमध्येच दिसत होतं. आमच्या घरात तरी दिसत होतं.

ह्यूस्टनने जुगारच खेळला, तो लागला, मी नाकारत नाही. पण त्यांनी क्वार्टरबॅकसाठी काहीच दिलं नव्हतं, स्ट्राउड त्यांना स्वतःच्या नंबरवर मिळाला, रिसीव्हर निको कॉलिन्स टीममध्ये होताच, तिसऱ्या राउंडला दुसरा रिसीव्हर टँक डेल घेतला. ट्रेड केला तो त्या पोराच्या सोबतीला दुसरा पोरगा आणायला. दादा म्हणतो ही वकिली झाली. असू दे.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण माझ्या विरुद्ध जातं असं वाटतं पण जात नाही. २०२१ ला ते १२ वरून ३ वर गेले, मायामीला १२ वा, २०२२ आणि २०२३ चे फर्स्ट राउंड आणि एक थर्ड राउंड दिला, आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्स घेतला. दोन सीझनमध्ये मिळून त्याने चार मॅच सुरू केल्या, दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच घोटा मोडला, आणि २०२३ च्या ऑगस्टला त्याला एका फोर्थ राउंड पिकवर डॅलसला देऊन टाकलं. म्हणजे ट्रेड पार गेला. तरी ती टीम बुडाली नाही, कारण ती आधीपासून भरलेली होती, ते फेब्रुवारी २०२० ला सुपर बोल खेळलेले लोक होते. आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा पिक, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, त्याने त्याच टीमला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेलं. पर्डी पँथर्समध्ये असता तर? मला नाही वाटत आपण त्याचं नाव पण ऐकलं असतं.

बाबांचं आवडतं उदाहरण जुनं आहे, १९९९ चं. न्यू ऑर्लिन्सचे कोच माइक डिट्का यांनी एका रनिंग बॅकसाठी, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यासाठी, रिकी विल्यम्ससाठी, त्या ड्राफ्टमधले आपले सगळे पिक वॉशिंग्टनला दिले आणि वर २००० चे पहिला आणि तिसरा राउंड पण. अख्खा ड्राफ्ट. टीम ३-१३ गेली, डिट्कांना काढलं, आणि २००० चा तो पिक दुसरा निघाला. बाबा हे ऐकल्यापासून कोणी काही जास्त मागितलं की "डिट्का करू नका" म्हणतात, भाजीवाल्याकडे सुद्धा.

मला स्वतःला जे सगळ्यात लागतं ते वॉशिंग्टनचं. २०१२ ला त्यांनी सहावरून दोनवर जायला सेंट लुईस रॅम्सला सहावा, त्याच वर्षीचा सेकंड राउंड, २०१३ चा आणि २०१४ चा फर्स्ट राउंड असं दिलं. घेतला क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन. पहिल्या वर्षी काय खेळला तो, रुकी ऑफ द इयर, आणि मग जानेवारी २०१३ ला सिएटलविरुद्ध प्लेऑफमध्ये गुडघा गेला आणि परत कधी तो तसा खेळताना दिसला नाही. तर डिसेंबर २०१४ ला ह्या दोन टीमची मॅच होती, आणि टॉसला रॅम्सनी कॅप्टन म्हणून सहा खेळाडू पाठवले, सहाच्या सहा जण त्या ट्रेडमधून आलेल्या पिकवर घेतलेले. समोर वॉशिंग्टनचे लोक उभे. मॅच रॅम्सनी २४-० जिंकली. हा व्हिडिओ मी भाच्याला दाखवला तेव्हा तो हसला, मला हसू नाही आलं. कागदावर पिक असतात तेव्हा ते नंबर असतात, दोन वर्षांनी ती माणसं होऊन तुमच्यासमोर उभी राहतात. पण खरं तेही सांगायला पाहिजे की एवढं सगळं मिळून रॅम्स तरी त्या वर्षी ६-१० च राहिले. खूप पिक हातात असले म्हणजे झालं असंही नाही, निवडणारा माणूस पण लागतो.

ह्यावर आमच्याकडे एकदा रजत पाटीदारवरून जोरात वाजलं. आपल्या इंदूरचा पोरगा म्हणून तो विषय निघणारच. २०२२ च्या ऑक्शनमध्ये त्याला कोणीच घेतलं नव्हतं, दुसऱ्या एकाला लागलं म्हणून बेंगलोरने बदली म्हणून २० लाखांत बोलावला आणि एलिमिनेटरला लखनौविरुद्ध त्याने नाबाद ११२ केले. २०२५ ला तोच कॅप्टन आणि बेंगलोरला पहिली ट्रॉफी. मी म्हटलं बघा, असे पोरं खालीच सापडतात. दादा म्हणाला एक पाटीदार दाखवतेस, न विकले गेलेले बाकीचे शेकडो कुठे आहेत? बरोबर आहे त्याचं. पण मी म्हणते म्हणूनच तर जास्त पिक पाहिजेत! कोण निघणार ते आधी कळत नाही हे तूच सांगतोयस, मग सगळे पैसे एकाच नावावर कशाला लावायचे?

बाबा मग त्यांच्या होळकरवर, इंदूरच्या जुन्या रणजी टीमवर, आले. १९४४-४५ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध होळकर, त्यात डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळला, युद्धामुळे तो महूला होता ना लष्करात, आणि त्याने नाबाद २४९ केले. तरी होळकर हरली. जगातला चांगल्यातला चांगला बॅट्समन आणला, त्याने त्याच्याकडून जे होतं ते सगळं केलं, आणि हरली. पण सी. के. नायडूंची ती टीम एका कॉम्प्टनवर उभी नव्हती, पुढच्याच सीझनला, १९४५-४६ ला, होळकरने रणजी जिंकली, आणि १९५२-५३ पर्यंत एकूण चारदा. दादाला कॉम्प्टन कोण ते माहीत होतं पण तो आपल्या टीमकडून खेळलाय हे माहीत नव्हतं, शार्लटला बसून त्याने ते शोधलं आणि दहा मिनिटं ड्राफ्ट बाजूला राहिला.

तर मग माझी पार्टी कधीच ट्रेड अप करू नका म्हणते का? नाही. लाइन उभी आहे, दोन रिसीव्हर आहेत, कोच पुढची तीन वर्षं राहणार आहे, आणि आज खेळवायला एखादा अॅलेक्स स्मिथसारखा जुना माणूस आहे, तर जा वर, मी पण टाळ्या वाजवीन. या वर्षीचा थर्ड, फोर्थ द्या, सेकंड पण द्या. पुढच्या वर्षीचा फर्स्ट द्यायचा असेल तर आधी मला सांगा की पुढच्या वर्षी आपण किती मॅच जिंकणार आहोत आणि कोणाच्या जोरावर. ह्याचं उत्तर त्या नवीन पोराच्या जोरावर असं असेल तर फोन खाली ठेवा. आणि टीममधला चांगला खेळाडू तर त्या ट्रेडमध्ये घालायचाच नाही, रिसीव्हर तर अजिबातच नाही, यावर मी मरेपर्यंत भांडणार आहे.

मला आवडलेला ट्रेड अप विचाराल तर २०१८ चा बॉल्टिमोरचा. पहिल्या राउंडला त्यांचा एक पिक आधीच करून झाला होता, राउंड संपत आलेला, आणि त्यांनी फिलाडेल्फियाकडून ३२ वा घेतला, त्यासाठी दिला ५२ वा, १२५ वा आणि २०१९ चा सेकंड राउंड, वर १३२ वा परत पण मिळाला. फर्स्ट राउंड एकही दिला नाही, टीममधला माणूस एकही नाही. पहिल्या राउंडमधला खेळाडू म्हणून करार पाचव्या वर्षी वाढवायचा ऑप्शन पण हातात. घेतला क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. जुना क्वार्टरबॅक जो फ्लॅको होता म्हणून लमार अर्धा सीझन नीट शिकत बसला, नोव्हेंबरला आत आला, टीमने डिव्हिजन जिंकली, आणि २०१९ ला एमव्हीपी, सगळी मतं त्यालाच. दादा म्हणतो हे रोज होत नाही, ३२ पर्यंत असा पोरगा कोण सोडतं. ३१ वेळा सोडला होता की त्याला, आणि त्यातला एक पिक तर बॉल्टिमोरचाच होता.